चांदवा, छोटा : एका अनुकारी फुलपाखराच्या निरीक्षणाचा इतिहास

खवलेपंखी गणातील निंफॅलिडी कुलाचे हे फुलपाखरू असून त्याचे शास्त्रीय नाव हायपोलिम्नास मिसिपस असे आहे. इंग्रजीत ते डॅनेड एगफ्लाय या नावाने ओळखले जाते. छोटा चांदवा हे नाव अलीकडील मराठी नामावलीत रूढ झाले आहे. आफ्रिका, दक्षिण व आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया या खंडप्रदेशांत त्याचा प्रसार असून भारतात ते मैदानी मुलुखापासून डोंगराळ भागापर्यंत आढळते. एका जातीचे सजीव दुसऱ्या, सामान्यतः सुरक्षित असलेल्या, जातीसारखे दिसू लागले म्हणजे त्या आविष्कारास अनुकृती म्हणतात. ज्याचे रूप घेतले जाते त्यास अनुकार्य व जो ते रूप घेतो त्यास अनुकारी अशी नावे येथे वापरली आहेत. छोट्या चांदव्याची मादी ही बिबळ्या कडवा (डॅनॉस क्रायसिपस) या अतिपरिचित फुलपाखराची अनुकारी आहे. नर मात्र कोणाचेच रूप घेत नाही. गेल्या दीडशे वर्षांत अनुकृतीविषयी जे जे प्रश्न उपस्थित झाले, त्यांपैकी बहुतेक सर्व या एका जातीच्या संदर्भात विचारले गेले. त्यांतील अनेकांची उत्तरे संग्रहालयाच्या पेटीत मिळण्यासारखी नव्हती. ती रानात, शेताच्या बांधावर आणि पडीक जमिनीत शोधावी लागली.

नराचे पंख वरून मखमली काळे असतात. प्रत्येक पुढील पंखावर दोन व मागील पंखावर एक असे ठसठशीत पांढरे ठिपके असून त्यांच्या कडांना निळसर जांभळी झाक असते. ही झाक ठराविक कोनातूनच दिसते. मादीचा रंग विटकरी नारिंगी असून पुढील पंखाचे टोक काळे व त्यावर तिरपा पांढरा पट्टा असतो. बिबळ्या कडव्याचे वर्णनही नेमके हेच करावे लागते. पंख पसरलेल्या दोन्ही फुलपाखरांत काही वितांच्या अंतरावरूनही फरक कळत नाही. जवळून पाहिल्यास काही खुणा सापडतात. कडव्याच्या मागील पंखाच्या मध्यभागाभोवती तीन (नरात चार) काळे ठिपके असतात, तर चांदव्याच्या मादीत मागील पंखाच्या वरच्या कडेजवळ एकच काळा ठिपका असतो. कडव्याचे डोके व वक्ष काळे असून त्यांवर पांढरे ठिपके असतात, चांदव्याच्या मादीत ते नसतात. चांदव्याच्या पंखांची कड किंचित दंतुर असते. या खुणा छापील चित्रावर सहज दाखविता येतात. वाऱ्यावर हेलकावणाऱ्या फुलपाखरावर त्या शोधणे ही वेगळीच गोष्ट आहे.

लिनीअस यांनी या जातीस १७६४ मध्ये मिसिपस हे नाव दिले. त्या काळी फुलपाखरे युरोपात येत ती वाळलेली, टाचणीला टोचलेली आणि बहुधा कोठून आली याच्या त्रोटक नोंदीसह. नर व मादी एकत्र उडताना किंवा जुगताना पाहिलेली नसल्यामुळे एकाच जातीच्या निरनिराळ्या रूपांना निरनिराळी नावे मिळणे अपरिहार्य होते. पीटर क्रामर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्णिलेली इनारिया ही ‘जाती’ म्हणजे याच फुलपाखराच्या मादीचा एक प्रकार असल्याचे पुढे ठरले. अशा चुकांना केवळ निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. ज्या जातीत नर व मादी यांचे परस्परांशी काडीचेही साम्य नाही आणि मादीचे साम्य भलत्याच कुलशाखेतील फुलपाखराशी आहे, तेथे जिवंत प्राणी पाहिल्यावाचून नाते जुळविण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

अनुकृतीच्या विचाराला निश्चित रूप दिले ते हेन्‍री वॉल्टर बेट्स (१८२५–९२) यांनी. १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षे त्यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यात काढली. सु. १४,००० जातींचे, मुख्यतः कीटकांचे, नमुने त्यांनी गोळा केले. अरण्यातील मोकळ्या जागी संथपणे उडणाऱ्या, भडक रंगांच्या हेलिकॉनिड फुलपाखरांच्या थव्यांत अधूनमधून एखादे वेगळ्याच कुलातील फुलपाखरू मिसळलेले असे आणि हातात घेईपर्यंत स्वतः बेट्सनाही ते ओळखता येत नसे. अनुकार्य फुलपाखरे विपुल आणि अनुकारी विरळ, ही त्यांनी नोंदविलेली गोष्ट पुढील सर्व विवेचनाचा आधार ठरली. बेचव फुलपाखरांना पक्षी टाळतात. तेव्हा त्यांच्यासारखे दिसणाऱ्यांनाही जीवदान मिळते आणि पिढ्यान्‌पिढ्या हे साम्य अधिकाधिक नेमके होत जाते, असा त्यांचा सिद्धांत होता. १८६१ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या लिनीअन सोसायटीपुढे तो वाचला गेला आणि १८६२ मध्ये प्रसिद्ध झाला. डार्विन यांनी त्याचे मनःपूर्वक स्वागत केले. नैसर्गिक निवडीचे इतके बोलके उदाहरण तोवर कोणी दिलेले नव्हते. तथापि एक उणीव राहिलीच. पक्ष्यांनी हेलिकॉनिड फुलपाखरांचा पाठलाग केल्याचे बेट्सनी कधी पाहिले नाही, हे त्यांनी पुरावा म्हणून मांडले. परंतु न घडलेली गोष्ट न दिसणे हा दुबळा पुरावा होय. या उणिवेने पुढील शंभर वर्षे सिद्धांताची पाठ सोडली नाही.

छोट्या चांदव्याकडे, त्या काळच्या नावाने डायाडेमा मिसिपसकडे, विशेष लक्ष वेधले ते ॲल्फ्रेड रसेल वॉलिस (१८२३–१९१३) यांनी. मलाया द्वीपसमूहातील फुलपाखरांच्या अभ्यासातून एकाच जातीत मादीची अनेक रूपे असू शकतात हे त्यांनी आधीच दाखविले होते. १८६७ मधील आपल्या लेखात त्यांनी या फुलपाखराच्या नर-मादीतील विलक्षण भेदाची चर्चा केली. मादीच तेवढी अनुकारी का, यावर त्यांचे उत्तर असे, की अंड्यांच्या भाराने मादीचे उड्डाण मंद होते, योग्य वनस्पती शोधत तिला फिरावे लागते आणि जातीचे सातत्य तिच्या जगण्यावर अधिक अवलंबून असते. म्हणून तिला संरक्षणाची गरज अधिक. नराचा मूळ रंग का टिकला, याचा उलगडा मात्र एवढ्याने होत नाही. मादी आपल्या जातीचा नर रंगावरून ओळखते किंवा नर एकमेकांशी झुंजताना रंगाचा उपयोग करतात, अशी स्पष्टीकरणे पुढे आली. चांदव्याचा नर एखाद्या झुडपाच्या शेंड्यावर ठाण मांडून बसतो, जवळून जाणाऱ्या प्रत्येक फुलपाखराच्या मागे धावतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. हे पाहिलेल्या निरीक्षकास दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते. रोलंड ट्रायमेन (१८४०–१९१६) यांनी आफ्रिकेतील अनुकारी फुलपाखरांवरील आपला निबंध १८६८ मध्ये वाचला. केपमध्ये राहून स्वतः निरीक्षण करणाऱ्या अभ्यासकाचे ते काम असल्यामुळे त्यात नर व मादी यांच्या नात्यांविषयीचे अनेक घोळ मिटले.

भारतात या प्रश्नाकडे वळलेले एक महत्त्वाचे संशोधक म्हणजे कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील फ्रँक फिन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांनी सातभाई व इतर पक्ष्यांना निरनिराळी फुलपाखरे खाऊ घालून पाहिली. बिबळ्या कडवा आणि त्याच्या जवळच्या जाती पक्ष्यांना आवडत नाहीत. दुसरे काही मिळत असेल तर ते त्यांना सोडून देतात, पण भुकेला पक्षी तीही खातो, असे त्यांना आढळले. त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा होता. ही नावड जन्मजात नसते. प्रत्येक पक्ष्यास ती स्वतः अनुभवाने शिकावी लागते आणि शिकलेले तो चांगले लक्षात ठेवतो. अनुकृतीचे सगळे गणित या शिकण्यावर उभे आहे. रानात अनुकारी फुलपाखरे फार झाली, तर नवशिक्या पक्ष्याला पहिला घास रुचकर लागण्याचा संभव वाढतो आणि मग रंगाचा धाक राहत नाही. अनुकारी विरळ असावा लागतो तो याचसाठी. फिन यांच्या प्रयोगांत पिंजऱ्यातील पक्षी बरेच होते, हा त्यांवरील आक्षेप रास्त आहे. परंतु त्या काळी एवढ्या चिकाटीने हा प्रश्न फार थोड्यांनी तपासला.

मुंबई इलाख्यात फुलपाखरांच्या जीवनक्रमाचा अभ्यास वेगळ्या वाटेने झाला. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात जे. डेव्हिडसन आणि एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांनी १८९० मध्ये इलाख्यातील फुलपाखरांच्या अळ्या व कोश यांवर टिपणे प्रसिद्ध केली. कारवारकडील वनाधिकारी टी. आर. बेल त्यांना पुढे येऊन मिळाले. मैदानी भारतातील सामान्य फुलपाखरांवरची बेल यांची लेखमाला १९०९ पासून १९२७ पर्यंत चालली. हे गृहस्थ सिद्धांताच्या वादात फारसे पडले नाहीत. अंडे कोठे घातले, अळी काय खाते, कोशातून काय बाहेर पडते, हे ते स्वतः अळ्या वाढवून पाहत. अनुकारी फुलपाखराच्या बाबतीत हीच पद्धत निर्णायक ठरते. कारण पंख फसवितात, अळी फसवीत नाही. बिबळ्या कडव्याची अळी रुईच्या पानांवर वाढते. तिच्या अंगावर काळे, पिवळे व पांढरे आडवे पट्टे असून मांसल शिंगांसारख्या तंतूंच्या जोड्या असतात. चांदव्याची अळी काळसर, सर्वांगावर फांद्या फुटलेल्या काट्यांची, तांबूस डोक्याची आणि डोक्यावर दोन शिंगे असलेली असते. तिचे एक मुख्य खाद्य म्हणजे घोळ, तीच जी महाराष्ट्रात भाजी म्हणून खुडली जाते. रुई विषारी व घोळ खाण्याजोगी, या एका गोष्टीत अनुकार्य व अनुकारी यांच्यातील सगळा फरक सामावला आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनुकृतीच्या सिद्धांतावर कठोर टीका झाली. ऑक्सफर्डचे एडवर्ड पोल्टन (१८५६–१९४३) हे त्याचे खंदे समर्थक. आफ्रिकेतील मार्शल यांच्यासारख्या क्षेत्रनिरीक्षकांकडून त्यांनी पुरावा जमविला आणि १९०२ मध्ये मार्शल यांच्यासह त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील पाच वर्षांच्या निरीक्षणांचा व प्रयोगांचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. उलट आनुवंशिकीविज्ञ रेजिनल्ड पनेट यांनी १९१५ मधील आपल्या ग्रंथात असा मुद्दा मांडला, की अनुकारी रूप हे लहानसहान बदलांच्या संचयाने हळूहळू घडत नसून एकाच उडीत अवतरते. त्यासाठी त्यांनी श्रीलंकेतील बहुरूपी (पॅपिलिओ पॉलिटीस) या फुलपाखराच्या माद्यांचे उदाहरण घेतले. अमेरिकेतील मॅकॅटी यांनी १९३२ मध्ये पक्ष्यांच्या जठरांतील अन्नाच्या प्रचंड नोंदी तपासून संरक्षक रंगांचा उपयोगच नाकारला. फुलपाखरे मुळात पक्ष्यांचे महत्त्वाचे खाद्य आहेत की नाहीत, याबद्दलही शंका घेतली गेली. समर्थकांनी पंखांवरील चोचीच्या खुणा दाखविल्या. पण चोचीची खूण असलेले फुलपाखरू हे सुटलेले फुलपाखरू असते. किती मारले गेले ते त्यावरून कळत नाही आणि ती खूण नावडीमुळे राहिली की नेम चुकल्यामुळे, हेही नाही. वाद अशा ठिकाणी अडकला होता, की कोणत्याही बाजूने आणखी नमुने पुढे ठेवून काही निष्पन्न होण्यासारखे नव्हते.

हा तिढा दोन दिशांनी सुटला. एक दिशा रसायनशास्त्राची. कडव्याची अळी रुईसारख्या वनस्पतींतील हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे शरीरात साठविते आणि ती पुढे फुलपाखरात उतरतात. जवळच्याच मोनार्क या जातीत ही विषे असल्याचे राइखश्टाइन, मिरिअम रॉथशील्ड व त्यांचे सहकारी यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. लिंकन ब्राउअर यांच्या प्रयोगांत असे फुलपाखरू खाल्लेला निळा जे पक्षी काही मिनिटांत ओकारी करतो, हे सिद्ध झाले. परंतु त्याच संशोधनातून असेही निघाले, की सर्व वनस्पतींत विष सारखे नसते. त्यामुळे एकाच जातीतील काही फुलपाखरे विषारी, तर काही जवळजवळ निरुपद्रवी असतात. बिबळ्या कडव्यातही हीच स्थिती आहे. म्हणजे अनुकार्याचे काही सगेसोयरेच स्वजातीचे अनुकारी ठरतात! बेट्सच्या काळी रेखाटलेली विषारी व रुचकर अशी सरळ विभागणी त्यामुळे बरीच धूसर झाली.

दुसरी दिशा क्षेत्रीय गणनेची असून तीत छोटा चांदवा हाच मुख्य विषय होता. आफ्रिकेत बिबळ्या कडव्याची अनेक रूपे आहेत. नेहमीच्या क्रायसिपस रूपाखेरीज पुढील पंखाचे काळे टोक व पांढरा पट्टा नसलेले डोरिपस आणि पांढऱ्या मागील पंखांचे अल्सिपस ही त्यांतील ठळक होत. चांदव्याच्या माद्यांतही त्यांस जुळणारी रूपे आढळतात. क्रामर यांची इनारिया ही डोरिपससारखी दिसते. सिद्धांत खरा असेल, तर जेथे अनुकार्याचे जे रूप विपुल तेथे अनुकाऱ्याचेही तेच रूप विपुल असावयास हवे. माल्कम एडमंड्झ यांनी घानातील आपली निरीक्षणे १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. डी. ए. एस. स्मिथ यांनी टांझानियात दोन्ही जातींचा एकत्र अभ्यास केला आणि त्यावरील पहिले टिपण १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. ताळमेळ अपेक्षेप्रमाणे बसला नाही. पश्चिम आफ्रिकेत कडवा मुख्यतः पांढऱ्या मागील पंखांचा, तर चांदव्याच्या माद्यांत तसा पूर्ण पांढरा पंख सामान्य नाही. डोरिपस जेथे नाही तेथेही इनारिया उडताना दिसते. तथापि आय. जे. गॉर्डन यांच्या १९८७ मधील निष्कर्षांनुसार नैसर्गिक परिस्थितीत दुर्मिळ आणि अनुकारी रंगसंगतींना अनुकूल अशी निवड होत असल्याचा पुरावा मिळाला. निवड आहे, पण ती सतत व सर्वत्र सारख्या जोराने चालत नाही, असा या सर्व कामाचा सारांश काढता येईल. सिद्धांताच्या पाठीराख्यांना हवा होता त्यापेक्षा तो कमी चमकदार असला, तरी अधिक विश्वासार्ह आहे. याच सुमारास स्मिथ व गॉर्डन यांनी या रूपांची आनुवंशिकताही तपासली. चांदव्यात मिसिपस रूप प्रभावी व इनारिया अप्रभावी ठरले. अनुकार्यात मात्र इनारियाशी जुळणारे डोरिपस हेच प्रभावी आहे. बाह्य रूप एक, पण ते घडविणारी आनुवंशिक यंत्रणा अगदी निराळी. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोमविषयक संशोधनात चांदव्याच्या रूपांचा संबंध डीएनएतील स्थानांतर करणाऱ्या घटकांच्या समावेशनाशी असल्याचे दिसून आले.

भारतात डोरिपस रूप विरळ असल्याने हा प्रश्न इतका गुंतागुंतीचा नाही. येथे अडचण आहे ती मादी दिसण्याचीच. नर पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत माळरानावर, टेकडीच्या माथ्यावर सहज नजरेस पडतो. मादीच्या नोंदी त्यामानाने फार कमी असतात. ती खरोखरच विरळ आहे, की कडवा समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते, हे नुसत्या यादीवरून ठरविता येत नाही. अनुकृती जितकी नेमकी, तितका तिच्या धारकाच्या संख्येचा अंदाज अविश्वसनीय. डब्ल्यू. एच. एव्हान्स यांची ओळखसूची (दुसरी आवृत्ती १९३२) आणि एम. ए. विंटर-ब्लाइथ यांचा १९५७ मधील ग्रंथ यांनी भारतातील हौशी निरीक्षकांच्या हाती ओळखीची साधने दिली. परंतु त्यांतील बऱ्याच खुणा जाळ्यात पकडलेल्या फुलपाखरावर पाहावयाच्या होत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत या जातीचा समावेश करण्यात आल्यावर परवान्यावाचून ती पकडणे बंद झाले. (२०२२ च्या दुरुस्तीने या अनुसूचींची फेररचना झाली.) त्यानंतरचा निरीक्षक मुख्यतः डोळ्यांवर, दुर्बिणीवर आणि पुढे छायाचित्रावर अवलंबून राहिला.

रंगावर विसंबता येत नसेल, तर वागणुकीवर विसंबावे लागते. बिबळ्या कडवा निवांत उडतो. हुसकला तरी त्याची चाल फारशी बदलत नाही. चांदव्याची मादीही तसेच संथ उडते. मात्र अचानक दचकली, की तिचे सोंग गळून पडते आणि ती आपल्या कुळाला साजेशा वेगाने झपकन निसटते. दुसरी खूण अंडी घालतानाची. नारिंगी फुलपाखरू रुईच्या पानाशी घुटमळत असेल, तर तो कडवा असण्याचा संभव अधिक. तेच जर जमिनीलगत, घोळीच्या व रानटी तणांच्या गर्दीत उतरून पानांखाली वाकून पाहत असेल, तर थांबून मागील पंखावरचा ठिपका मोजणे इष्ट. अनुकृतीत उड्डाणाचाही समावेश असतो, हे पुढे बहुरूपी या जातीवरील जपानी संशोधनात (२०१५) मोजमाप करूनच दाखविण्यात आले. पण हुसकलेली चांदव्याची मादी ज्याने पाहिली आहे त्याला ही गोष्ट नवी वाटणार नाही. पडीक जमीन नांगराखाली येणे आणि शेतातील तणांवर तणनाशके फवारणे यांमुळे घोळीसारख्या वनस्पती जेथे नाहीशा होतात, तेथे अळीचे खाद्यच संपते. कायद्याने फुलपाखराला दिलेले संरक्षण तणापर्यंत पोहोचत नाही.

या जातीचा सर्वांत चमत्कारिक अध्याय अटलांटिक महासागराच्या पलीकडे घडला. वेस्ट इंडीज बेटे, दक्षिण अमेरिकेचा ईशान्य किनारा आणि फ्लॉरिडा येथे छोटा चांदवा आढळला आहे. गुलामांच्या व्यापारातील जहाजांबरोबर तो आफ्रिकेतून तेथे गेला असावा, असे सामान्यतः मानले जाते. व्यापारी वाऱ्यांच्या आधाराने काही फुलपाखरे स्वतःच समुद्र ओलांडून गेली असण्याची शक्यताही वर्तविली जाते. बिबळ्या कडवा मात्र त्या किनाऱ्यावर नाही. ज्याचे रूप घेऊन ही मादी उडते ते फुलपाखरू तेथील पक्ष्यांनी कधी पाहिलेले नसते. मोनार्क व त्याची नारिंगी भावंडे तेथे आहेत आणि त्यांच्या धाकाचा थोडाफार लाभ तिला होत असणे शक्य आहे. घोळ तर तेथेही उगवते.